युद्धावरून परतलेल्यांची परीक्षा

मंडळातील भगिनींनो, अर्धवट राहिलेले शिक्षण पुढे कॉलेजात जाण्याच्या आड येऊ नये, ही सोय एका मोठ्या युद्धातून जन्माला आली. तिची हकीकत थोडक्यात सांगते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पुष्कळ तरुण हायस्कूल अर्धे टाकून पलटणीत गेले. रणांगण पाहून आलेल्या माणसाला पुन्हा पोरासोरांच्या बाकावर कसे बसवावे? म्हणून १९४२ साली लष्कराच्या सांगण्यावरून 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन' या संस्थेने जी.ई.डी. नावाची परीक्षा तयार करविली. आयोवा विद्यापीठाचे प्राध्यापक लिंडक्विस्ट त्यात प्रमुख होते. भाषालेखन, समाजशास्त्र, विज्ञान, वाङ्मय व गणित असे पाच भाग होते. घोकंपट्टीपेक्षा उतारा वाचून त्याचा अर्थ लावता येतो का, हे अधिक पाहिले जाई.

१९४४ साली कायदा होऊन परतलेल्या सैनिकांना फी, पुस्तके आणि पोटापुरता खर्च सरकारकडून मिळू लागला. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख सैनिक त्या आधारे कॉलेजात शिकले. हायस्कूल अपुरे राहिलेल्यांना या परीक्षेने तेथला दरवाजा उघडला. १९४७ साली न्यूयॉर्क राज्याने ती सामान्य नागरिकांनाही खुली केली. मग कामगार आले, संसारी बायकाही आल्या. कॅलिफोर्निया मात्र १९७४ साली, सर्वांच्या शेवटी आले.

पण नुसत्या कागदाने सारे साधत नाही. कॅमेरॉन व हेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवून दिले, की हा दाखला मिळविणाऱ्यांची कमाई हायस्कूल पुरे केलेल्यांइतकी होत नाही, ती शाळा सोडलेल्यांच्याच जवळपास राहते. दाखला उंबरठ्यापर्यंत नेतो, पुढची पायरी ज्याची त्यानेच चढायची असते.

आपल्या देशात १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय निघाले. तेथे चौदा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही दहावीला बसता येते, वरच्या वयाची अट नाही. मराठीतूनही पेपर लिहिता येतात आणि पाच वर्षांत नऊ वेळा संधी मिळते. एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. पुढे तिथली बारावी झाली, की विद्यापीठात जाता येते.

माझ्यासारख्या सातवीवर थांबलेल्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. दुपारची कामे उरकल्यावर मंडळाच्या खोलीत चौघींनी मिळून गणिताचे पुस्तक उघडले, तर येत्या वर्धापनदिनाला सांगण्यासारखे काही आपल्यापाशी असेल.