हसन फतहींचे मातीचे गाव

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये लाकूड आणि पोलाद मिळेना. वास्तुशिल्पी हसन फतहींनी (१९००–१९८९) अस्वानकडचे न्युबियन गवंडी शोधले. हे लोक कच्च्या मातीच्या विटा मागच्या भिंतीला तिरप्या टेकवीत, खालून लाकडाचा टेकू न देता कमानीचे छत उभे करीत. पत्र्याखाली वर्ग घेणाऱ्यालाच अशा छताच्या गारव्याची किंमत कळेल!

१९४५ पासून लक्सरजवळ याच रीतीने नवे गुर्ना उभे राहू लागले : मस्जिद, बाजार, शाळा, अंगणांची घरे. जुने गाव फॅरोकालीन थडग्यांवर होते. सरकारला ते हलवायचे होते. पण बहुतेक गावकरी आलेच नाहीत. त्यांची रोजीरोटी त्या थडग्यांवरच होती आणि घुमट त्यांना कबरीचा वाटे. गवंड्याचा हुनर फतहींनी ओळखला. गाव हलवायचे की नाही, हे मात्र सरकारने गावाला विचारले नव्हते. काम अर्धवटच राहिले. मस्जिद अजून उभी आहे.