राज्यांतील दुसरा पुरुष : परांड्याच्या इतिहासांतील एक पान

कोणत्याहि संस्थेच्या महोत्सवाच्या प्रसंगीं संस्थापकांचें स्मरण होतें, प्रमुखांच्या तसबिरी भिंतीवर लागतात आणि त्यांचीं नांवें पहिल्या पानावर छापलीं जातात. तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या उजव्या हाताशीं बसून ज्यांनीं रोजचा कारभार ओढला, ते दुसऱ्या क्रमांकाचे पुरुष बहुधा विस्मृतींत जातात. दुसऱ्या स्थानीं राहून नेतृत्व करणें ही सोपी गोष्ट नव्हे. हुकूम दुसऱ्याच्या नांवानें निघावयाचा, श्रम आपले, यश धन्याचें, आणि अपयश मात्र पुष्कळदां आपल्या पदरीं. योसेफाची कथा आमच्या वाचकांस परिचित आहेच. फारोनें त्याच्या हातीं सर्व मिसर देश सोंपविला. पण सिंहासनापुरता मी तुझ्याहून मोठा राहीन, असेंहि बजावलें. दुसऱ्या पुरुषापुढचा सारा पेंच या एका अटींत आहे. हा पेंच आपल्याच जिल्ह्यांत कोणापुढें कसा उभा राहिला, हें दाखविण्यासाठीं आम्ही वाचकांस परांड्याच्या किल्ल्यांत घेऊन जात आहों.

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, बार्शीच्या बाजूस, परांडा हें तालुक्याचें गांव आहे. तेथील भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी, खंदक, बुरूज आणि जुन्या तोफा अद्यापि पाहावयास मिळतात. १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली प्रसिद्ध मुलुख-इ-मैदान तोफ कांहीं काळ याच किल्ल्यांत होती. १६३२ मध्यें ती येथून विजापुरास नेण्यांत आली. हा किल्ला बहामनी वजीर महमूद गावान यानें बांधला, असें परंपरा सांगते. पुढें १६०० सालीं निजामशाहीची गादी याच तटाच्या आंत आली. ती आणणारा मलिक अंबर. दोघेहि परदेशांतून आलेले, दोघेहि राजे नव्हते, आणि दोघांनींहि राजापेक्षां अधिक राज्य केलें. दोघांची गत मात्र अगदीं निराळी झाली.

गावान हा इराणांतील गिलान प्रांताचा. पंधराव्या शतकाच्या मध्यास तो व्यापाराच्या निमित्तानें बेदरास आला आणि बहामनी दरबारांत चढत चढत वजीर झाला. १४६१ मध्यें हुमायून सुलतान वारला तेव्हां गादीवर अजाण मूल आलें. राजमातेच्या सल्ल्यानें गावानानें राज्य सांवरून धरलें. तिसऱ्या महंमदाच्या कारकीर्दींत त्याचा अधिकार शिखरास पोहोंचला. १४७२ मध्यें त्यानें गोवें घेतलें आणि त्याच सुमारास बेदरास विद्यालय उभारलें. राज्याचे चार मोठे सुभे होते, त्यांचे त्यानें आठ केले. प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे अधिकारी नेमले. जमिनीची मोजणीहि करविली. या सर्व सुधारणांनीं बळ वाढलें तें धन्याचें, त्याचें स्वतःचें नव्हे.

ज्यांची सत्ता यामुळें कमी झाली त्या सरदारांना हें सहन होईना. त्यांनीं गावानाच्या मोहरदारास वश केलें, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि ओरिसाच्या राजास स्वारीचें निमंत्रण देणारें बनावट पत्र त्यावर लिहिलें. मद्याच्या धुंदींत असलेल्या सुलतानानें चौकशी न करितांच ५ एप्रिल १४८१ रोजीं त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. त्याच्या घरची झडती घेतली तेव्हां फारसें द्रव्य सांपडलें नाहीं, असें फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. सुलतानास आपली चूक कळली. पण वर्षभरांत तोहि मरण पावला, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आंत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड हे सुभे स्वतंत्र झाले. गावानाच्या निष्ठेंत उणें नव्हतें. पण धनी व तो यांच्यामधील विश्वासाचा धागा जेथें बारीक होता तेथेंच शत्रूंनीं कात्री लाविली.

आतां मलिक अंबराकडे वळूं. १५४८ च्या सुमारास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गें दक्षिणेंत आला. येथें त्यास निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें विकत घेतलें. हा पेशवा स्वतःहि पूर्वीचा हबशी गुलाम होता. १५७४ मध्यें त्यानें वऱ्हाड जिंकून आपल्या धन्यास दिलें. लागलीच दरबारांत कुजबुज सुरू झाली, कीं चंगीझखान वऱ्हाडांत स्वतंत्र होऊं पाहतो. मूर्तझा निजामशहानें त्यास विष देवविलें. ज्या घरांत अंबर राज्यकारभार शिकला त्या घराच्या यजमानाचा हा शेवट. तो अंबर कधीं विसरला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

गुलामगिरींतून मुक्त झाल्यावर अंबरानें कांहीं वर्षें विजापुरास चाकरी केली आणि १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांनिशीं तो निजामशाहींत परतला. १६०० च्या जुलैमध्यें चांदबिबीचा तिच्याच लोकांकडून वध झाला, आणि ऑगस्टमध्यें अहमदनगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला. बाल निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरीस गेला. राज्य संपलें, असें सर्वांस वाटलें. अंबरानें राजघराण्यांतील एक तरुण पुरुष शोधून काढला, त्यास आपली मुलगी दिली आणि परांड्यास 'दुसरा मूर्तझा' म्हणून तख्तावर बसविलें. परांडा मोंगलांच्या नव्या ठाण्यापासून दूर आणि आदिलशाही सरहद्दीच्या जवळ होता. जीव धरून राहण्यास जागा सोयीची होती.

येथें विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. सैन्य अंबराचें, किल्ला अंबराच्या ताब्यांत, आणि राजास बसविणाराहि तोच. मग तो स्वतःच तख्तावर कां बसला नाहीं? याचें उत्तर त्या काळच्या सरदारांच्या मनांत होतें. अंबर राजा झाला असता तर प्रत्येक सरदारानें 'मग मी कां नव्हे?' असें विचारलें असतें. निजामशहाच्या नांवाभोंवतीं मात्र दक्षिणी, हबशी आणि मराठे असे सर्व एकत्र येऊं शकत होते. अंबरानें तें नांव जपलें, आणि त्या नांवानेंच त्याच्या हुकुमास वजन आलें.

तरीहि वाट सरळ नव्हती. राजू दखनी नांवाचा दुसरा सरदार दौलताबादेच्या बाजूचा मुलूख बळकावून बसला होता. अंबराच्या धाकानें त्रासलेल्या मूर्तझानें त्यालाच मदतीस बोलाविलें. राजू परांड्यावर आला आणि आरंभीं अंबराची पीछेहाट झाली. शेवटीं अंबरानें आपल्या शत्रूची, म्हणजे मोंगल सेनापति खानखानान याची, मदत घेऊन संकट टाळलें, आणि १६०७ मध्यें राजूस कायमचें कैद केलें. पुढें राजधानी परांड्याहून जुन्नराकडे, आणि मग दौलताबादेकडे हलली.

नंतरच्या काळांतील त्याचें काम मोठें आहे. त्यानें जमिनी मोजविल्या, पिकाच्या मानानें सारा ठरविला आणि मक्तेदारांच्या जाचापासून रयतेस बरीच मोकळीक दिली. खडकी शहर वसवून त्यास नहरीचें पाणी दिलें. मराठे स्वारांच्या गनिमी युद्धानें त्यानें मोंगलांस वर्षानुवर्षें बेजार केलें. १६२४ मध्यें अहमदनगराजवळ भातवडी येथें तलावाचें पाणी सोडून त्यानें मोंगल व विजापूर यांच्या एकत्र फौजांची छावणी चिखलांत रुतविली आणि त्यांचा पराभव केला. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूस होते. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. जहांगीर बादशहानें एक चित्र काढवून घेतलें. त्यांत बादशहा अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. निजामशहास त्या चित्रांत स्थान नाहीं! खरा प्रतिस्पर्धी कोण, हें शत्रूनें बरोबर ओळखलें होतें.

परंतु इतिहासाशीं प्रामाणिक राहावयाचें तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १६१० मध्यें दुसरा मूर्तझा वारला. एका राणीनें अंबराच्या मुलीचा अपमान केला, राजाहि त्याच्याविरुद्ध कारस्थानें करीत होता, म्हणून अंबरानेंच विष देवविलें, अशी हकीकत डच व्यापारी व्हान डेन ब्रूक यानें लिहून ठेविली आहे. ती खरी असेल तर चंगीझखानाचा शागीर्द धन्याच्या विषापासून वांचला, पण स्वतःच धन्यास विष देणारा झाला. तख्तावर मूर्तझाचा अल्पवयी मुलगा बसला, आणि अंबरास 'नको' म्हणणारें कोणी उरलें नाहीं. आपल्या हाताखालच्यांचें मन राखण्यांतहि तो कमी पडला. लखुजी जाधवराव मोंगलांस मिळाले. भातवडीच्या विजयानंतर लवकरच शहाजीराजे विजापूरच्या चाकरींत गेले. आपल्या पराक्रमाचा यथोचित मान झाला नाहीं असें त्यांस वाटलें, असें इतिहासकार मानतात. वरच्याचा संशय ज्यानें जन्मभर भोगला, त्यास खालच्याचें दुःख दिसलें नाहीं.

१६२६ च्या मे महिन्यांत अंबर वारला. त्याची जागा घेणारा पुत्र फत्तेखान याच्या अंगीं बापाचा संयम नव्हता. १६२९ मध्यें निजामशहाच्या दरबारांत लखुजी जाधवरावांची हत्या झाली. पुढें फत्तेखानानें खुद्द निजामशहासच ठार केलें, आणि १६३३ मध्यें दौलताबाद मोंगलांच्या स्वाधीन केलें. शहाजीराजांनीं अंबराचाच मार्ग धरिला: निजामशाही वंशांतील एक मूल तख्तावर बसवून त्याच्या नांवानें तीन वर्षें झुंज दिली. १६३६ मध्यें माहुलीस तीहि संपली. अंबराच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा वर्षांत निजामशाही नाहींशी झाली.

मग त्याच्या हातचें राहिलें काय? त्याची जमाबंदीची पद्धत राहिली. पुणें जहागिरींत दादोजी कोंडदेवांनीं तिचाच आधार घेतला, असें सांगतात, आणि 'मलिकंबरी' हा शब्द आपल्या मुलखांत पुढें कित्येक पिढ्या चालला. जें त्यानें नियमांत घातलें तें टिकलें. जें केवळ आपल्या दराऱ्यावर पेललें तें त्याच्याबरोबर गेलें.

वाचकहो, दोघां वजिरांपैकीं मोठा कोण, हा निवाडा आम्ही करीत नाहीं. गावानाचे हात स्वच्छ राहिले. पण त्याची बाजू धन्यापुढें मांडणारा त्या रात्रीं कोणी नव्हता. अंबरानें बाजू राखली, परंतु त्यासाठीं धन्यासच कठपुतळी केलें. दुसऱ्या स्थानावरच्या माणसानें धन्याशीं रोजचें बोलणें कधीं तुटूं देऊं नये, आपल्या हाताखालच्यास त्याच्या वांट्याचें श्रेय द्यावें, आणि आपण नसतांहि काम चालेल अशी घडी बसवून ठेवावी, एवढें तरी त्या दोघांच्या चरित्रांतून निघतें. आपल्या गांवांतील शाळा, पतपेढ्या, मंडळें यांतहि असे उपाध्यक्ष, चिटणीस आणि साहाय्यक असतात. परांड्याच्या तटावर कधीं उभे राहण्याचा योग आला, तर वाचकांनीं त्यांचींहि आठवण करावी.