दिनविशेष : ९ जून – मिक ओ'ड्वायर यांचा जन्म (१९३६)

आयर्लंडच्या नैऋत्य टोकास, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या केरी परगण्यातील वॉटरव्हिल या गावी १९३६ साली आजच्या दिवशी मिक ओ'ड्वायर यांचा जन्म झाला. चेंडू हातानेही खेळवावा व पायानेही मारावा, आणि वेतनाची अपेक्षा न धरता केवळ आपल्या परगण्याच्या अभिमानार्थ मैदानात उतरावे, अशी ज्याची रीत, त्या गेलिक फुटबॉलमध्ये त्यांनी प्रथम बचावफळीत व पुढे आक्रमणफळीत खेळून १९५९, १९६२, १९६९ आणि १९७० अशी चार अखिल आयर्लंड अजिंक्यपदे संपादन केली. तथापि त्यांची खरी कीर्ती संघाच्या कारभारावर अधिष्ठित आहे. कठोर मेहनतीने घडविलेल्या तरुण केरी संघाकरवी १९७५ साली त्यांनी गतविजेत्या डब्लिनला नमविले, आणि १९८६ पर्यंत एकंदर आठ वेळा ते अजिंक्यपद केरीच्या पदरात घातले. १९७८ पासून लागोपाठ चार विजय मिळाल्यावर पाचवाही हाताशी आला असता, १९८२ च्या अंतिम सामन्यात ऑफलीच्या शेमस डार्बी याने अखेरीस केलेल्या गोलामुळे तो अवघ्या एका गुणाने निसटला. परंतु त्या आघाताने न खचता १९८४ ते १९८६ ही तिन्ही वर्षे त्यांनी पुन्हा जिंकून दाखविली. पुढे १९९८ मध्ये किल्डेअरला ४२ वर्षांनी, तर २००३ मध्ये लीशला ५७ वर्षांनी लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लाभले. ३ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे देहावसान झाले.