हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

दोन शहरांची नावं टाकली की फोन लगेच अंतर आणि वेळ सांगतो. आज हेलसिंकी आणि टोकियो घेऊ. सरळ अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. जेट विमानाला साडेनऊ तास पुरतात. पण २०२२ पासून फिनएअरच्या विमानाला तेराच्या आसपास तास लागतायत. का? मधे रशिया आहे.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सायबेरियावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघ तिथून सहसा कोणाला जाऊ देत नसे. मग युरोपच्या कंपन्यांनी वरून वळसा शोधला. १९५७ मध्ये एसएएसने कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली, ती अलास्कातल्या अँकरेजमार्गे. पुढे कितीतरी कंपन्यांची विमानं तिथे इंधन भरायला उतरू लागली.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने तो थांबाही काढून टाकला. डीसी-१० विमान हेलसिंकीहून थेट उत्तर ध्रुवाकडे, तिथून अलास्का आणि सायबेरियाच्या मधल्या बेरिंग सामुद्रधुनीवरून खाली टोकियोला. वेळ सुमारे तेरा तास. तेव्हा ही मोठी कामगिरी होती.

पण सोव्हिएत हद्दीच्या कडेने उडणं म्हणजे काय, हे त्याच वर्षी जगाला कळलं. १ सप्टेंबर १९८३ ला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठीही खुलं करू. हो, तेच जीपीएस, जे आत्ता तुमच्या खिशात आहे.

नंतर सायबेरियाचं आकाश हळूहळू उघडलं. रशिया त्यासाठी भरपूर शुल्क घ्यायचा, पण तास वाचायचे. याच शॉर्टकटच्या जोरावर छोट्या फिनलंडने हेलसिंकीला युरोप-आशियाचं जंक्शन बनवलं.

फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. फिनएअर पुन्हा ध्रुवावरून उडायला लागली. विमान आता आधुनिक ए३५०, वेळ मात्र १९८३ चीच, तेरा तास!

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर शॉर्टेस्ट पाथचा अल्गोरिदम बरोबरच आहे, पण ग्राफमधली एक कडीच कोणीतरी उडवली. ती कडी म्हणजे देशाची परवानगी. आणि परवानगी गेली की खर्च वाढतो: जास्त इंधन, जास्त पायलट, महाग तिकीट.

आपल्यालाही हे नवं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. दिल्ली ते लंडन अंतर एक किलोमीटरनेही वाढलेलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढताना फक्त तास बघू नका. विमानाचा मार्गही उघडून बघा. तो जिथे वाकडा दिसेल, तिथे खाली कोणता देश आहे तेवढं शोधा. भेटू पुढच्या भागात!