ज्येष्ठ नागरिक सेवा : ग्रामीण व नागरी (महाराष्ट्र)

साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींसाठीची आर्थिक मदत, आरोग्यसेवा, निवारा, प्रवास-सवलत इत्यादी. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे १०.४ कोटी ज्येष्ठ होते व त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होते. शासकीय हक्क गावात आणि शहरात बहुतांशी सारखेच आहेत. ते पदरात पाडून घेण्यासाठीचे अंतर, खर्च आणि सोबत यांत मोठी तफावत आहे.

निवृत्तिवेतन : शेतकरी व शेतमजुरांना सहसा पेन्शन नसते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून ६५ वर्षांवरील गरजूंना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज व हयातीच्या दाखल्यासाठी मात्र खेड्यातील वृद्धांना बहुधा तालुक्याला खेटे घालावे लागतात.

आरोग्य : सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात या केंद्रांत साप्ताहिक तपासणी व जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष अभिप्रेत आहे. तज्ज्ञ डॉक्टर, फिजिओथेरपी, घरी येणाऱ्या परिचारिका या सोयी मुख्यतः शहरांत आहेत. पण त्या विकतच्या असल्याने झोपडवस्तीतील वृद्धांना परवडत नाहीत.

निवारा व सोबत : २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. शहरांत ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे एकटेपणा कमी करतात. गावात पार, देऊळ, भजनी मंडळ हे आधार असतात. मात्र बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे ऊसतोडीला गेली, की म्हातारी माणसे घर व नातवंडे सांभाळत कित्येक महिने मागे राहतात. कोकणातही मुंबईला गेलेल्या मुलांमागे अनेक घरांत फक्त आई-वडील उरले आहेत.

प्रवास : ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. जिथे गाडीच येत नाही, अशा वाड्या-पाड्यांना या सवलतीचा उपयोग नाही.

मूल्यमापन : नागरी भागात निकड परवडणाऱ्या सेवेची, तर ग्रामीण भागात दारापर्यंत येणाऱ्या सेवेची आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेची नियमित गृहभेट व गावातच मिळणारा हयातीचा दाखला यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धालाही त्याचा हक्क मिळू शकतो. तो मिळवून देणे ही शासनाची जबाबदारी आहे.