दिनविशेष : २४ जानेवारी १९७६

केंद्र सरकारने या दिवशी बर्मा शेलचा भारतातील कारभार ताब्यात घेतला आणि मुंबईतील माहुलची रिफायनरी सरकारी झाली. १९७७मध्ये कंपनीला ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव मिळाले. या निर्णयाचे मोल खानदेशला आजही आहे. २००८मध्ये कच्चे तेल भडकले तेव्हा तोटा परवडेना म्हणून रिलायन्सने आपले पंप बंद केले. सरकारी कंपन्यांनी मात्र तोटा सोसून विक्री चालू ठेवली. खानदेशातील रावेर-सावद्याहून केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात ते डिझेलवरच, आणि कापलेला घड कोणासाठी थांबत नाही. तोटा अखेर करदात्याच्याच माथी येतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय कंपनी विकण्याचा नव्हे, तर हा तोटा भरून काढणारे अनुदान अर्थसंकल्पात उघडपणे मांडण्याचा आहे. भाव बाजाराने ठरवावा; पुरवठ्याची हमी सरकारनेच द्यायला हवी.