जे सतरा ठिपके कुणी काढलेच नाहीत

आजचा एपिसोड आहे दोन कॉलमवर. एका कॉलममध्ये तापमान, दुसऱ्यात बिघाडांची संख्या. एवढाच डेटा. पण तो 27 जानेवारी 1986 च्या रात्रीचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर हे स्पेस शटल सात माणसांना घेऊन उडणार होतं.

आधी थोडं मशिनरीबद्दल. शटलच्या दोन्ही बाजूंना उभे असायचे ते बूस्टर. ते युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल नावाची कंपनी बनवायची. एवढं मोठं धूड अख्खं नेता येत नाही, म्हणून तुकडे रेल्वेने फ्लोरिडाला जायचे आणि तिथे जोडले जायचे. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन ओ-रिंग. कुकरच्या झाकणाची रिंग डोळ्यासमोर आणा, काम तेच: आतला गरम वायू बाहेर येऊ द्यायचा नाही. आता रबर थंडीत कडक होतं. दाबलेलं रबर मूळ आकारात यायला वेळ लावतं, आणि इथे तर सेकंदाच्या अंशात फट बंद व्हायला हवी.

त्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज होता. थायोकॉलचे इंजिनिअर रॉजर बोझोले आणि त्यांचे सहकारी टेलिकॉन्फरन्सवर नासाला सांगत होते, 53 अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका. म्हणजे साधारण 12 सेल्सिअस, पुण्यातली डिसेंबरची पहाट. तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण तेवढ्यावर झालं होतं, जानेवारी 1985 मध्ये, आणि त्यात रिंगच्या पुढे काळीकुट्ट काजळी गेलेली सापडली होती.

नासाच्या बाजूने प्रश्न आला, मग 75 अंशाला झालेल्या उड्डाणातही वायू निसटलाच होता की! म्हणजे थंडीतही बिघाड, उबेतही बिघाड. तापमानाचा संबंध कुठे आला?

बोझोले म्हणत होते की थंडीतला प्रकार कितीतरी वाईट होता. आकड्यात सांगा म्हटल्यावर मात्र सांगता येईना. 13 चार्ट फॅक्स केले होते, पण त्यात तापमान एका अक्षावर आणि बिघाड दुसऱ्यावर असा साधा स्कॅटर चार्ट एकही नव्हता. वाद दोन ठिपक्यांवर अडकला. थायोकॉलच्या मॅनेजमेंटने थोडा वेळ मागून घेतला, आपापसात चर्चा केली आणि आपल्याच इंजिनिअर्सचा सल्ला फिरवला.

आता हे तुमच्या शीटमध्ये करून बघा. बिघाड झालेली सात उड्डाणं होती: 53, 57, 58, 63, 70, 70 आणि 75 अंश. 53 आणि 75 ला एकापेक्षा जास्त बिघाड, मधल्या सगळ्यांना एक-एक. दोन्ही कॉलम सिलेक्ट करून स्कॅटर काढा. (लाइन चार्ट नको. एक्सेलमध्ये त्याचा आडवा अक्ष म्हणजे सारख्या अंतरावर मांडलेली नुसती लेबलं असतात. 58 ते 63 आणि 57 ते 58 हे अंतर सारखंच दिसेल.) काय दिसतं? दोन्ही टोकं वर, मध्ये सपाट. तापमानाचा संबंध खरंच दिसत नाही.

पण त्याआधी 24 उड्डाणं झाली होती. उरलेली 17 कुठे गेली? त्यांच्यापुढे बिघाड शून्य होता, म्हणून कुणी ती मांडलीच नाहीत. आपण नाही का लॉगमध्ये फक्त एररच्या ओळी शोधत बसत, तसंच. अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स कमिशनने आपल्या अहवालात दोन्ही चार्ट छापले. ते शून्याचे ठिपके घातले आणि चित्रच पालटलं. 66 अंश किंवा त्याहून उबदार 20 उड्डाणांत फक्त तीनमध्ये बिघाड. 63 किंवा त्याहून थंड चार उड्डाणांत चारही बिघडलेली. सगळे शून्य उजवीकडे गोळा झालेले, डावीकडे एकही नाही. आणि 53 च्या डावीकडे तर अख्खी रिकामी जागा. चॅलेंजर उडालं तेव्हा हवेचं तापमान 36 अंश होतं, म्हणजे जेमतेम 2 सेल्सिअस. उड्डाणानंतर 73 सेकंदांत सगळं संपलं.

हा चार्टचा प्रकार तेव्हा काही नवा नव्हता. 1833 मध्येच जॉन हर्शेलने जोडताऱ्यांची मोजमापं अशीच मांडली होती, आडवं वर्ष, उभा कोन. एकेक मोजमाप बेभरवशाचं, म्हणून त्याने ठिपक्यांच्या सगळ्या गर्दीतून हाताने एक गुळगुळीत रेषा ओढली. एका ठिपक्यावर भरवसा नाही, गर्दीवर आहे.

1997 मध्ये एडवर्ड टफ्टी यांनी आपल्या पुस्तकात इंजिनिअर्सनाच दोष दिला, डेटा नीट मांडला असता तर उड्डाण थांबलं असतं म्हणून. बोझोले आणि इतरांनी नंतर उत्तर दिलं की सगळ्या उड्डाणांचं तापमान त्या रात्री त्यांच्या हातात नव्हतंच. मला टफ्टींचा चार्ट पटतो, पण दोष पटत नाही. इंजिनिअर 'नको' म्हणालेच होते. धोका आहे हे सिद्ध करा, असं त्यांना सांगितलं गेलं. खरं तर धोका नाही हे उडवणाऱ्यांनी सिद्ध करायला हवं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांच्याकडेही एकसुद्धा ठिपका नव्हता.

पुढचं शटल उडालं 29 सप्टेंबर 1988 ला. सांध्याचं डिझाइन बदललं होतं, तिसरी ओ-रिंग आली होती, आणि प्रत्येक सांध्याला हीटर बसवले होते.